आईची सासू झाले

आमचं मूळ गाव कुठलं म्हणून विचाराल तर मजला सांगता येणार नाही, राजांच्या काळी आमचे लोक तंजावरास आले एवढं सगळे सांगतात, कोणी म्हणतं साताऱ्याकडून, कोणी म्हणतं आणखी कुठून, खरं कोणास माहीत, मी जन्मले इथे कुंभकोणमला आणि पन्नाशी ओलांडली तीही इथेच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. तुमचं पुण्याचं मराठी मी टीव्हीवर ऐकत्ये, कळतं सगळं, पण तुम्ही फार भराभर बोलता, आणि आमचं ऐकून तुम्हाला हसू येतं, येऊ दे, त्यानं माझं काही जात नाही.

माझं नाव सुमती. धंदा ब्लाउज शिवण्याचा. पुढची खोली दुकान, मागे घर. लग्न झालं नाही, कुंडली जुळली नाही म्हणतात, खरं म्हणजे कोणी फार जुळवून पाहिली नाही, वडील गेले आणि ते राहून गेलं. धाकटा भाऊ रघू, तो बंगळुराला, कंप्यूटरच्या कामात, बायको, मुलगी, सगळं व्यवस्थित. आई माझ्याकडे. माझ्याकडे म्हणजे काय, घर तिचंच, मीच तिच्याकडे, पण आता तसं कोणी म्हणत नाही.

आईचं सांगायचं तर आधी माझ्या आजीचं सांगायला हवं. आमच्यात आतेभावाशी लग्न चालतं, तशी आई आपल्या सख्ख्या आत्याच्या घरी सून म्हणून आली. लग्नाआधी लाडाची भाची होती, लग्नानंतर आजीनं तिजला असं धरलं की काय सांगू तुम्हाला. सासूला आमच्यात आत्याबाई म्हणतात. होय आत्याबाई, नाही आत्याबाई, याच्यापलीकडे आईच्या तोंडून आजीसमोर तिसरा शब्द मी ऐकला नाही. आणि आजीची ती मडी. तुम्ही सोवळं म्हणता ते. आदल्या दिवशी धुतलेली नऊवारी उंच दांडीवर काठीनं वाळत घालायची, सकाळी न्हाऊन तीच नेसायची, ब्लाउज नाही, पदर छातीवरून दोनदा गुंडाळायचा, आणि मग जेवणं होईपर्यंत कोणी शिवायचं नाही, पोटच्या पोरांनीसुद्धा. आजी गेली आणि मला वाटलं सुटलो, तर आईनं ती मडी आजीपेक्षा घट्ट धरली. लहानपणी पडले, गुडघा फुटला, तरी आई लांबून म्हणायची, तिकडे बस, जेवण होऊ दे. मी विशीतच ठरवलं, मजला यातलं काही नको, आणि सोडलं ते सोडलंच.

मडीत नसताना आई ब्लाउज घालायची, देवळात, बाजारात. ते मीच शिवायची. मग एकाएकी तिनं माझ्याकडे द्यायचं बंद केलं आणि तळ्याजवळच्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडे जुना मापाचा ब्लाउज पाठवून शिवून घ्यायला लागली. मजला असा राग आला, अख्ख्या गल्लीच्या बायका माझ्याकडे येतात आणि माझी आई दुसऱ्याकडे. विचारलं तर म्हणाली, तू बगल आखूड करतेस. मी बगल आखूड करत्ये! बोलायचंच सोडलं मी त्यावर. आता कळतं ना, मी शिवायचं म्हणजे टेप लावणार, टेप लावला की हाताला छातीतली गाठ लागणार. त्या शिंप्याला काय, त्यानं बाईला हात लावायचाच नाही, ब्लाउज समोर ठेवला की झालं.

तिजला माहीत होतं. डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या हे फार जुनं आहे, हिला माहीत असणारच. मडीच्या पदरात बाईचं अंग कोण बघतो, आणि तिजला शिवायचंच नाही तर कळणार कसं. वास यायचा तर ती चंदन लावायची, कापूर ठेवायची, मी म्हणायची आई, घर की गाभारा.

मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी भातात मीठ, मग मीठच दोनदा, मग साक्कोट्टैच्या देवळाला जात्ये म्हणून निघाली ती उलट्या दिशेला सापडली. आणि एक दिवस सकाळी ती न्हाणीतून तशीच बाहेर आली, माझी मडीची साडी कुठे म्हणून, अंगावर काही नाही, आणि मी पाहिलं. छातीवर डावीकडे सगळं उघडं पडलं होतं, फुललेलं, ओलं. इतकी वर्षं लपवलं आणि शेवटी ती लपवायचं विसरली, म्हणून मजला कळलं. असं आहे.

तंजावरच्या डॉक्टरीणबाई बऱ्या होत्या. स्पष्ट बोलल्या. या वयात, या डोक्याच्या स्थितीत कापाकापी नको, एक गोळी रोज द्या, दुखण्याचं औषध द्या, आणि जखम रोज स्वच्छ करा, एक दिवस चुकवू नका, चुकवलंत तर कुजेल, ताप चढेल, हिचे हाल होतील. कसं करायचं तेही दाखवलं. जुनी पट्टी सलाईननं भिजवून सोडवायची, ओढायची नाही, वासासाठी एक गोळी कुटून तिची पूड भुरभुरायची, मग नवी जाळी, कापूस, पट्टी. काम काही कठीण नाही. मी हातानं करणारी बाई आहे, पुढून बंद बांधायचे ब्लाउजही शिवले मी तिच्यासाठी, मऊ जुन्या धोतराचे. कठीण काय तर ती हात लावू देईना.

शिवू नको! मडीत आहे! लांब हो! असं ओरडायची की गल्लीतले लोक थांबायचे. मजला ओळखायची नाही, कोण गं तू, कोणाची, म्हणायची. चावली एकदा मनगटाला. मग एक नर्स ठेवली, सेल्वी, चांगली हसरी पोरगी. आईनं तिजला पहिल्या दिवशीच जात विचारली. सेल्वी म्हणाली, पाट्टी, तुम्हाला मी कुठे शिवत्ये, हे ग्लोव्ह्ज शिवतायत. पाट्टी म्हणजे तमिळमध्ये आजी. पण रोज रोज तेच ऐकून कोण राहील, तिनं तरी का राहावं, गेली. जाताना मला म्हणाली, अक्का, तुझी आई आजारी आहे ते खरं, पण हे बोलणं आजाराचं नाही. खरंच होतं ते.

दोन दिवस पट्टी झाली नव्हती. वासानं दुकानात गिऱ्हाईक बसेना. तिसऱ्या दिवशी ती कोपऱ्यात उभी, मी सलाईन घेऊन समोर, आणि माझा संयम सुटला आणि तोंडातून निघून गेलं, रुक्कू! खाली बस. पदर काढ. तो माझा आवाज नव्हता. आजीचा होता, तीच ठेवण, नाकातून येणारा. आजीशिवाय आईला रुक्कू कोणी म्हटलं नव्हतं. आणि काय सांगू तुम्हाला, आई झटकन बसली. होय आत्याबाई, म्हणाली, आणि आपल्या हातानं पदर सोडला.

त्या दिवसापासून मी आजी. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या ड्रेसकडे पाहिलं आणि कचरली, आत्याबाई हे काय नेसल्या, तेव्हा मी आजीचीच जुनी नऊवारी पेटीतून काढली. आता रोज सकाळी मी न्हात्ये, दांडीवरची साडी काठीनं काढत्ये, नेसत्ये, केस मागे ओढून बांधत्ये. जी मडी मी विशीत सोडली ती आता आजीपेक्षा कडक पाळत्ये. एकदा ती नेसून मी कुरिअरवाल्याकडून पाकीट घेतलं, ते आईनं पाहिलं आणि विटाळ झाला म्हणून बसायला तयार होईना, पुन्हा न्हायला लागलं. मग पट्टी होते. ती हलत नाही, कण्हत नाही, डोळे खाली. घाबरते ती मजला. मी आईची मुलगी म्हणून आले तर चावते, आणि तिला जिनं आयुष्यभर छळलं तिच्या रूपानं आले तर हात जोडते. याला काय म्हणायचं ते तुम्ही लिहिणारे ठरवा.

रघू आला पोंगलच्या सुट्टीत. दारातच आईनं ओळखलं. रघू, आलास, जेवलास का रे. स्वच्छ. वर्षातून दोनदा येतो तो लख्ख आठवतो. तो माझ्याकडे बघून म्हणाला, अक्का, आई ओळखते की, तू फोनवर केवढं सांगत होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माझं सोंग पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. तू आईला घाबरवतेस, म्हणाला. हे क्रूर आहे. मी वाचलंय, अशा माणसांशी प्रेमानं, खरं बोलायचं असतं. म्हटलं, बरं, तू बोल खरं. साडी सोडली, ड्रेस घातला आणि दुकानात जाऊन मशीनवर बसले.

त्यानं प्रेमानं केलं. आई, मी रघू, ही सुमती, तुला जखम झाली आहे, आपण ती साफ करू. आई मुलासमोर पदर काढणार? ती लाजून भिंतीकडे तोंड करून बसली, रडली, दोन्ही हात छातीवर घट्ट. त्यानं मला बोलावलं तर मी ड्रेसात, आई मजला म्हणाली, चल नीघ. म्हटलं रघू, साडी नेसू का? नको म्हणाला, उद्या ऐकेल. उद्या, मग परवा. तो तिण्णैवर, बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसायला लागला, आत वास येतो म्हणाला नाही, बाहेर वारा बरा आहे म्हणाला. पट्टीवर माश्या. मग आईला ताप भरला, अंग थरथरू लागलं, तेव्हा आला दाराशी, खाली मान घालून. अक्का, ते कर तुझं.

नेसले मी. रुक्कू, बस खाली. बसली बिचारी, तापातसुद्धा. काय होतं आत ते सांगत नाही, तुम्हाला जेवायचं असेल. तंजावरास नेलं, औषध चढवलं, उतरला ताप. रघू निघाला तेव्हा म्हणाला, तुला जमतं तसं कर, मी काही बोलणार नाही. फार उपकार. तो वळला आणि आई मजवर ओरडली, कोण गं तू, पोराला कॉफीची पूड बांधून द्यायची कळत नाही?

आता असंच चाललंय. डॉक्टरीणबाई म्हणतात फार दिवस नाहीत, पण असं त्या आधीही म्हणाल्या होत्या. कालची गोष्ट सांगत्ये. पट्टी सोडवत होते, तर आई हळूच म्हणाली, आत्याबाई, एक विचारू? विचार, म्हटलं. पापनाशमला माहेरी जाऊन येऊ का, आईला बरं नाही असा निरोप आलाय. तिची आई जाऊन किती वर्षं झाली, मी पाळण्यात होते तेव्हा. पण मी आत्याबाई, मजला काय, मी आजीसारखं म्हटलं, आणि घरचं कोण पाहील?

सुमती आहे की, म्हणाली.

माझा हात थांबला. म्हटलं, तिजला विचारलंस?

तर ती पहिल्यांदाच हसली, सासूसमोर सून हसावी तसं, तोंडावर हात धरून. तिजला काय विचारायचं, आत्याबाई.

जाऊन ये, म्हटलं. दुसरं काय म्हणणार. पूड भुरभुरली, जाळी ठेवली, पट्टी बांधली. गाठ जरा जास्तच घट्ट बसली असणार, तिचा श्वास अडकलेला मला कळला. सैल कर म्हणाली नाही ती. मग मीच सोडली आणि पुन्हा बांधली.