पाऊण मूल

...नाही, पण मी म्हणते, मुलं म्हणजे काय कांदे आहेत का, पाच किलो घेतले की किलोमागे कमी लावा म्हणायला? तुम्हीच सांगा! "चार आहेत, तर घाऊकचा भाव लाव ना गं," असं आमच्या सासूबाई त्या पोरीला म्हणाल्या, माझ्या देखत, मी चहाचा ट्रे घेऊन उभी... आणि मी काही बोलले नाही. नवी आहे ना मी. नवी सून आणि नवा फ्रिज, दोघांनी पहिलं वर्षभर आवाज करायचा नसतो!

थांबा, मधूनच सुरू झाले मी. तर मला दोन नणंदा. मोठीचं पार्लर, शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. धाकटी दवाखान्यात, तिचीही शनिवारी ड्यूटी. मोठीला तीन मुलं, एक दहा वर्षांचा आणि खाली जुळे. धाकटीला एकच, पण तिघांना पुरून उरेल असं एक. ही चारही दर शनिवारी आजीकडे, म्हणजे आमच्याकडे. आणि आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे आजी पलंगावरून फक्त "अरे... अरे... अरे!" एवढंच करू शकते.

आणि तुम्हाला सांगते, शनिवार हा आम्हा दोघांचा सुट्टीचा एकुलता एक दिवस हो! लग्नाला सहा महिने झाले, नवराबायको म्हणून आम्ही एकमेकांना एकटे सापडतो ते लिफ्टमध्ये. चौथा मजला ते तळमजला, त्यातही दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी शिरतंच! म्हणून या शनिवारची सिनेमाची तिकिटं काढली होती. ह्यांनी काढली होती, स्वतःहून! मग ठरलं, शनिवारपुरती एक मुलगी ठेवू या. शुक्रवारी संध्याकाळी, सगळे जमलेले असताना, दुसऱ्या मजल्यावरची कॉलेजची पोर आली, नीट बसली, नीट म्हणाली, "काकू, एका मुलाचे तासाला इतके, आणि पुढच्या प्रत्येक मुलामागे त्याच्या निम्मे." काय चुकलं तिचं? मी तर तिला ओवाळलं असतं!

पण छे! मोठी नणंद सरसावून बसली. "माझ्या मोठ्याला धरू नकोस हं. तो दहाचा झाला, त्याला काय सांभाळायचंय? उलट तोच बाकीच्यांना सांभाळतो, त्याच्या मदतीचं पाव मूल तू वजा कर." वजा! अहो, हा तोच मुलगा, ज्याने मागच्या शनिवारी एका जुळ्याला कपाटात घालून बाहेरून कडी लावली आणि वर आम्हालाच विचारत होता, "ओळखा, कुठला हरवलाय?" मी काही बोलले नाही.

"आणि जुळे एकच धर. एका ताटात जेवतात, एका चादरीत झोपतात, रडतातसुद्धा एकदमच!"

मग धाकटी कशाला मागे राहतेय? "आमचं पिल्लू दुपारभर झोपतं. झोपलेल्याचे कसले पैसे? अर्धंच धर." झोपतं! कडेवर घेऊन घरभर फिरत राहिलं तर झोपतं, आपण जरा टेकलो की डोळे टक्क!

पलंगावरून सासूबाई, "आणि चहा-जेवण आमच्याकडे, त्याचं अर्धं मूल कमी कर."

करा हिशोब! मोठा शून्य, वर त्याचं पाव वजा. जुळे मिळून एक. पिल्लू अर्धं. चहा-जेवणाचं अर्धं गेलं... चार मुलांचं बघता बघता पाऊण मूल झालं हो! आणि आमचे हे? अशा वेळी हे फोनमध्ये असे शिरतात की बाहेर फक्त कान उरतात. "निघेल काहीतरी मार्ग," असं त्या फोनलाच म्हणाले.

एवढ्यात आतल्या खोलीतला दंगा थांबला. आता, ज्यांच्या घरी मुलं आहेत त्यांना विचारा, दंग्याची भीती नसते, शांततेची असते! मी उठणार, तोच एक जुळा बाहेर आला, चिंब भिजलेला, हातात ह्यांचा बूट. माझ्या शाम्पूने न्हाऊन निघालेला, फेसाळलेला. तो त्याने त्या पोरीच्या मांडीवर नेऊन ठेवला आणि म्हणाला, "हे बाळ जेवत नाहीये."

तिने बुटाकडे बघितलं. जुळ्याकडे बघितलं. कप खाली ठेवला. "येते हं काकू." चपला घालायलाही थांबली नाही, हातात घेऊन गेली!

आणि मग सगळ्यांनी वळून बघितलं ते माझ्याकडे.

"अगंबाई, पण आपली ही आहेच की!"

"घरचं माणूस ते घरचं माणूस."

"मुलांनाही मामीचा केवढा लळा!"

वर मोठी नणंद मन मोठं करून म्हणते कशी, "मी तर पैसेही दिले असते हिला. पण घरच्या माणसाला पैसे देणं म्हणजे तिचा अपमान."

आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा, तुम्हाला सांगते, मी बोलले! "चालेल मला," मी म्हणाले. "करा अपमान. मुलामागे एकेक करा. जुळ्यांचा वेगवेगळा."

मग मोठी अशी हसली, अशी हसली, की चहा नाकात गेला. "केवढी विनोदी आहे गं ही!" सासूबाई डोळे पुसत, "मी हिला गरीब गाय समजत होते!" आणि हे... हेसुद्धा हसले! ते हसू मी जपून ठेवलंय. कधीतरी व्याजासकट परत करीन.

शनिवार उजाडला. तिकीट वाया जायला नको म्हणून हे कुणाला घेऊन गेले असतील? मोठ्या नणंदेच्या नवऱ्याला! म्हणजे ज्यांची तीन पोरं माझ्या डोक्यावर मिरे वाटतायत, ते तीर्थरूप सिनेमाला! बूट अजून वाळला नव्हता, म्हणून हे चपला सरकवून निघाले, आणि दारातून मला म्हणतात, "तू असतीस तर मजा आली असती गं."

तासाभराने बेल. दारात तीच दुसऱ्या मजल्यावरची पोर, छान आवरलेली, खांद्याला पर्स, आणि हाताला धाकटी बहीण. "वहिनी, मैत्रिणींबरोबर बाहेर चाललेय. आई घरी नाही. तुम्ही नाहीतरी चौघांना घेऊन बसलाच आहात, तर हिलाही... किती घ्याल?"

किती घ्याल! अहो, या घरात हा प्रश्न मला कुणीतरी पहिल्यांदा विचारला! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. मनातल्या मनात आकडा ठरवला. पूर्ण मुलाचा, झोपेची सूट नाही, घाऊक नाही. तोंड उघडलं...

आणि पलंगावरून आवाज, "पैसे कसले गं! शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही? चारांत पाचवं काय जड?"

मी काही बोलले नाही. मला वेळ कुठे होता? आत एकदम शांत झालं होतं. मी आपली कपाटाची कडी काढायला गेले.