पाचावरचा ठिपका

(लातूर. तहसील कार्यालयासमोरची पत्र्याची खोली, सकाळचे अकरा. टायपिंगच्या टेबलामागे उमादेवी. समोरच्या स्टुलावर नांदेडहून आलेली मुलगी सृष्टी.)

सृष्टी: या टॅब्लेटचं वजन निम्म्याहून कमी, चार्जिंग दिवसभर पुरतं. लाईट गेली तरी तुझं काम अडत नाही. कागदाचा फोटो काढला की अक्षर हवं तेवढं मोठं होतं. लॅपटॉप यापेक्षा जास्त काय करतो, सांग.

उमादेवी: मी कुठं वाईट म्हणले? चांगला हाय. गुळगुळीत हाय. पाटीसारखा.

सृष्टी: पाटी काय म्हणतेस. आमच्या विभागप्रमुखांकडे हाच टॅब्लेट आहे. ते आता कॉलेजात लॅपटॉप आणतच नाहीत.

उमादेवी: ते वाटणीपत्र टाइप करतात का?

सृष्टी: शोधनिबंध लिहितात.

उमादेवी: दिवसाला किती पानं?

सृष्टी: दिवसाला नाही... वर्षाला.

उमादेवी: मग जमत असंल.

सृष्टी: हात लावून तरी बघ. 'शपथपत्र' टाइप कर. एकच शब्द.

उमादेवी: घे. केला.

सृष्टी: हे शपथपत्र नाही. हे काहीच नाही. आई, बघून टाइप कर ना. अक्षरं समोर तर आहेत.

उमादेवी: बघून टाइप करणाऱ्याला टायपिस्ट म्हणत न्हाईत. आमच्या सरांनी बोटांवर रुमाल टाकून शिकवलं. रुमालाखाली डोकावलं की पट्टी बसायची.

सृष्टी: तो रुमाल काढून तीस वर्षं झाली.

उमादेवी: काचेवर बोटाला काही लागत न्हाई गं. सगळीकडं सारखंच. नांगरलेल्या रानात बांध न्हाई तसं.

सृष्टी: त्याचा वेगळा कीबोर्ड मागवलाय. आठ दिवसांत येईल.

उमादेवी: अन् माझे जुने मसुदे? मघा तू यात उघडलेस तर काय दिसलं म्हणालीस?

सृष्टी: चिन्हं दिसली. तुझा फॉन्ट जुना आहे. ते सगळं बदलून घेता येईल, मी करून देईन. पण आधी हो म्हण. दोनच्या गाडीनं मला नांदेडला जायचंय. त्याआधी मेन रोडच्या दुकानात हा लॅपटॉप देऊन टाकायचा. मी तसं सांगून आलेय त्यांना.

उमादेवी: मला न विचारता?

सृष्टी: तुझ्यासाठीच ना. सात वर्षांचा झालाय तो. सकाळी घरी पुसून लख्ख केलाय. कळांवर लाल डाग वाळून बसले होते. नेलपॉलिश. तू कधीपासून नेलपॉलिश लावायला लागलीस?

उमादेवी: ...कशानं पुसलंस?

सृष्टी: माझ्याकडं रिमूव्हर होतं. एक राहिला नाही. का?

उमादेवी: काही न्हाई. म्हातारपणी हौस.

सृष्टी: तू रागावलीस. कालपासून बघतेय, बोलताना माझ्याकडं बघत नाहीस. माझ्या मागं कुणी उभं असल्यासारखी बोलतेस. एरवी मी उंबऱ्यात पाय ठेवला की 'बारीक झालीस' म्हणतेस. या खेपेला तेही नाही.

उमादेवी: दर खेपेला काय तेच तेच.

आप्पासाहेब: उमाक्का, हाव का मोकळ्या? देवणीवरनं पहिल्या एस्टीनं आलो.

उमादेवी: या आप्पासाहेब, बसा. आवाजावरनंच वळखलं. ही माझी लेक, नांदेडला कॉलेजात शिकवती. सृष्टी, सरक. यांचं वाटणीपत्र हाय.

सृष्टी: नमस्कार काका. आई, यांचं टॅब्लेटवर...

उमादेवी: यांच्या जमिनीवर तुझा प्रयोग नको. लॅपटॉप आण इकडं.

आप्पासाहेब: वाचू का मग? कच्चा मसुदा आमच्या जावयानं लिहून दिलाय.

सृष्टी: तुम्ही कशाला वाचता काका? कागद तिच्यासमोर ठेवा ना.

आप्पासाहेब: न्हाई पोरी, इथला रिवाज हाय. कागद ज्याचा त्यानंच वाचायचा, अक्कानं टाइपायचं. मागल्या पाडव्यापासनं चालू केलंय त्यांनी. आधी स्वतःच बघून करायच्या. पण हे बरं हाय, काय लिहून राहिलो ते आपल्याबी कानावर पडतं.

सृष्टी: हे मला नव्हतं माहीत.

उमादेवी: अक्षर ज्याचं त्यालाच लागतं. वाचा, आप्पासाहेब.

आप्पासाहेब: 'आम्ही खाली सह्या करणार, सख्खे भाऊ, राहणार तालुका देवणी, जिल्हा लातूर, आपसात राजीखुशीनं लिहून ठेवतो की, गट नंबर चारशे सतरा, क्षेत्र एक हेक्टर वीस आर...' लई भरभर होतंय का?

उमादेवी: तुम्ही वाचा. माझी बोटं तुमच्या पुढं हायत.

आप्पासाहेब: '...यापैकी पूर्वेकडील निम्मा हिस्सा थोरले आप्पासाहेब यांस, व पश्चिमेकडील विहिरीसह निम्मा हिस्सा धाकटे रामलिंग यांस. विहिरीचं पाणी दोघांनी आठवड्यातून तीन तीन दिवस घ्यावं.'

सृष्टी: अन् सातवा दिवस?

आप्पासाहेब: सातवा विहिरीला. आमच्या आईचं म्हणणं होतं तसं.

उमादेवी: झालं. प्रिंट येऊन राहिलीय. आता रुजवात घ्या. सृष्टी, तुला म्हणून सांगते, मूळ कागदाशी छापलेलं ताडून बघायचं त्याला रुजवात म्हणतात. हे छापलेलं वाचतील, मी ऐकते. मूळ माझ्या कानात हाय.

आप्पासाहेब: '...लिहून ठेवतो की, गट नंबर पाचशे अठ्ठावीस...'

उमादेवी: चारशे सतरा.

आप्पासाहेब: इथं पाचशे अठ्ठावीस छापलंय.

उमादेवी: मी चारशे सतरा दाबलं.

आप्पासाहेब: असंल अक्का, पण उमटलंय पाचशे अठ्ठावीस. तो तर आमच्या भावकीचा गट हाय. दुसऱ्याचंच रान वाटून घेतलं असतं की आम्ही.

उमादेवी: पुढं वाचा.

आप्पासाहेब: 'क्षेत्र दोन हेक्टर तीन...' अन् पुढं नुसती आडवी रेघ हाय. चष्मा पुसू का?

सृष्टी: बघू काका.

आप्पासाहेब: इतक्या वर्षांत अक्काची चूक पहिल्यांदा बघितली मी. आज दिवस कोणता म्हणायचा.

सृष्टी: अक्षरं सगळी बरोबर आहेत. काना, मात्रा, रफार, सगळं. फक्त आकडे चुकलेत. चाराचे पाच, एकाचे दोन, साताचे आठ. प्रत्येक आकडा एकानं पुढं. आणि शून्याच्या जागी रेघ. शून्याच्या उजवीकडची कळ रेघेचीच आहे. म्हणजे हात एक घर उजवीकडं सरकला.

आप्पासाहेब: मास्तरीण शोभते हो तुमची.

सृष्टी: काका, एक विनंती करू? समोर चहा घेऊन या. तोवर आम्ही दुरुस्त करून ठेवतो.

आप्पासाहेब: हाव, हाव. तारामतीबाईकडनं स्टँप पेपरबी घ्यायचा राहिलाय. सावकाश होऊ द्या.

सृष्टी: गेले ते.

उमादेवी: ऐकू येतंय मला.

सृष्टी: आई, मी पुसलेला एक डाग पाचाच्या कळेवर होता. होता ना?

उमादेवी: एक पाचावर. एक खोडायच्या कळेवर. एक प्रिंटच्या.

सृष्टी: चूक स्क्रीनवर होती. एवढ्या मोठ्या अक्षरात. तू स्क्रीनकडंच बघत होतीस.

उमादेवी: तोंड तिकडं होतं.

सृष्टी: हा कागद वाच.

उमादेवी: लोकाचा कागद हाय.

सृष्टी: आत्ता तर टाइप केलास. वाच.

उमादेवी: आम्ही खाली सह्या करणार, सख्खे भाऊ...

सृष्टी: ते ऐकलेलं आहे. मागच्या बाजूला पेन्सिलनं जे लिहिलंय ते वाच.

उमादेवी: पेन्सिल बोटाला लागत न्हाई.

सृष्टी: कधीपासून?

उमादेवी: डावा आधी गेला. पाडव्याच्या सुमारास उजवा. पुरतं आंधळं न्हाई गं, घाबरू नको. मधोमध डाग दिसतो. कडेचं सगळं दिसतं. चालता येतं, स्वयंपाक होतो. ज्याच्याकडं बघावं तेवढंच जातं. तुझ्या तोंडाकडं बघितलं की तुझे कान दिसतात.

सृष्टी: डॉक्टरांना दाखवलंस?

उमादेवी: दाखवलं. पडद्याचं दुखणं हाय म्हणाले, मोतीबिंदू न्हाई. दोन इंजेक्शनं झाली. गेलेलं येत न्हाई, उरलेलं राखायचं. तारामती होती संगतीला.

सृष्टी: तारामतीमावशीला माहीत आहे.

उमादेवी: ती शेजारी बसती.

सृष्टी: मी दिवसभर पोरांना भिंगं शिकवते. प्रतिमा कुठं पडते, पडदा कुठं धरायचा. फळ्यावर डोळ्याची आकृती काढून विचारते, सांगा, मध्यभाग बिघडला तर काय होईल.

उमादेवी: मग काय सांगतात पोरं?

सृष्टी: बरोबर सांगतात.

उमादेवी: हुशार हायत.

सृष्टी: का नाही सांगितलंस मला?

उमादेवी: सांगितलं की तू म्हणणार, चल नांदेडला.

सृष्टी: म्हणणारच.

उमादेवी: तुझ्या घरी मला कोण काय कमी करणार हाय? काही न्हाई. पण तिथं माझी बोटं काय करतील? इथं मला कोण म्हातारी म्हणत न्हाई. उमाक्का म्हणतात. स्टेपलर डाव्या हाताला, कागद उजव्या. घरापासून इथवर पाचशे चाळीस पावलं, मधे एक गटाराचं झाकण. टाइप करताना मला सगळं दिसतं, सृष्टी. बोट ठेवलं की ओळ दिसती.

सृष्टी: अन् मी ठिपके पुसून टाकले.

उमादेवी: तुला काय माहीत. मीच कुणाला कळू दिलं न्हाई.

सृष्टी: दुकानात फोन करते. लॅपटॉप देत नाही म्हणून.

उमादेवी: तुझा शब्द जाईल.

सृष्टी: जाऊ दे. माझं मोजमापच चुकलं. वजन बघितलं, बॅटरी बघितली, स्क्रीन किती लखलखीत तेही बघितलं. तू स्क्रीन वापरतच नाहीस हे काही बघितलं नाही. या टॅब्लेटला तुझ्या लॅपटॉपची जागा घेता यायची नाही.

उमादेवी: परत करशील?

सृष्टी: करता येईल. पंधरा दिवसांची मुदत आहे.

उमादेवी: थांब जरा. मघाशी तू म्हणत होतीस, कागदाचा फोटो काढला की अक्षर मोठं होतं. किती मोठं?

सृष्टी: एक अक्षर अख्ख्या काचेवर मावेल एवढं.

उमादेवी: हातचं लिहिलेलंसुद्धा?

सृष्टी: हो. छापील असलं तर हा मोठ्यानं वाचूनही दाखवेल. हातचं नीट वाचेल याची खात्री मी देत नाही. पण मोठं करून दाखवेल, ते नक्की.

उमादेवी: त्या खणात केवळाबाईचा कागद हाय. मुखेडकडची, इथं लेकाकडं राहती. तिला तीनदा परत लावलं मी. तिला वाचता येत न्हाई, मला दिसत न्हाई. परवा दोघी बसून राहिलो, मधे कागद ठेवून. वाचणारा माणूस घेऊन ये म्हणलं, तर ती म्हणाली, घरातल्यांना कळू नये म्हणून तर तुमच्याकडं आले.

सृष्टी: हा का? घडी घातलेला?

उमादेवी: तोच. तू वाचू नको. तिनं माझ्या हवाली केलाय.

सृष्टी: नाही वाचत. फोटो काढून मोठा करते अन् तोंड फिरवते. हे बघ, दोन बोटं अशी फाकवायची. समोरून नको बघू. मान थोडी वळव, कडेनं बघ.

उमादेवी: असं?

सृष्टी: तुला माहीत. तुझा डाग कुठं संपतो ते तुलाच माहीत.

उमादेवी: ...काळं दिसतंय काहीतरी. मात्रा हाय. हा 'के'. दाबू का पुढं? 'व'. 'ळ'. केवळाबाई.

सृष्टी: सरकव तसंच, बोटानं.

उमादेवी: एकेक अक्षर. वेळ लागंल.

सृष्टी: किती?

उमादेवी: एका पानाला तास. लागू दे. केवळाबाईला कुठं घाई हाय. राहू दे तुझी पाटी.

सृष्टी: आता पाटी म्हण, चालेल. पण माझंही एक ऐक. पुढच्या गुरुवारी नांदेडला यायचं. तिथं एकदा डोळे दाखवायचे, मी बरोबर येईन.

उमादेवी: दाखवायला येते. ठेवून घ्यायला न्हाई.

सृष्टी: दाखवायला. शुक्रवारी सकाळच्या गाडीत मी बसवून देईन.

उमादेवी: आधी आप्पासाहेबाचं दुरुस्त कर. चारशे सतरा. एक हेक्टर वीस आर.

सृष्टी: केलं. प्रिंट काढली.

उमादेवी: रुजवात त्यांच्यासमोर घेऊ. आता खालच्या खणात बाटली हाय, ती काढ.

सृष्टी: सापडली. हा रंग कुणी निवडला?

उमादेवी: तारामतीनं. तिच्या पोरीच्या लग्नातला हाय. लई पातळ लावू नको, उंच राहायला पाहिजे. बोटाला लागला पाहिजे. पाचावर मधोमध.

सृष्टी: लावला. खोडायच्या कळेवर?

उमादेवी: कोपऱ्यात. अन् प्रिंटवर दोन लाव आता, पहिला एक होता तो कमी पडायचा.

सृष्टी: झाले. वाळू दे. पाच मिनिटं हात लावू नकोस.

उमादेवी: न्हाई लावत. तोवर तू समोर बसू नको.

सृष्टी: मग कुठं बसू?

उमादेवी: खिडकीकडं सरक. अजून थोडी. हां, तिथंच थांब. ...बारीक झालीस गं.