विदूषकाचा मामा

रविवार, १७ नोव्हेंबर १९८५, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे. गोरेगावच्या बसथांब्यावर सात माणसे उभी होती. समोरच्या सभागृहात कळसूत्री बाहुल्यांचा जुना विनोदी खेळ नव्या थाटात नुकताच संपला होता. त्या सातांपैकीच एक असलेल्या जयवंतरावांच्या पुढे दशरथ आणि नंदू हे दोन मित्र बोलत होते.

“दशरथ, पाणी पी. तोंड पांढरंफटक पडलंय तुझं.”

“सगळा खेळ टेपवर, नंदू! माणसं नुसत्या दोऱ्या ओढतात.”

“जमाना बदलला रे.”

“अरे, गावच्या जत्रेत विदूषक विचारायचा, ‘कोण रे तो खिदळता?’ आणि वीस वर्षं मीच ओरडायचो, ‘मीच, तुझो मामा!’ आज तेवढ्यासाठीच आलो होतो.”

“मग ओरडला का नाहीस?”

“तोंड उघडलं, तोच कर्ण्यातून आलं ना, ‘मीच, तुझो मामा!’”

“असेल दुसरा कुणीतरी.”

“माझाच आवाज, यार! नंतरचा खोकलासुद्धा माझाच. जत्रेतलीच टेप वाजवतायत मेले. आता मी तिथे कशाला?”

“साडेसहाला पुन्हा खेळ आहे. तू आधी ओरड.”

“टेपच्या आधी?”

“मग? मामा तू की टेप?”

बस आली आणि गेली. साडेसहाच्या खेळाला दशरथ, नंदू आणि त्यांच्या मागोमाग जयवंतरावही गेले. विदूषकाने प्रश्न एकदाच विचारला. उत्तरे दोन आली.