अप्पांची घाटातली बडबड

तुम्ही मला मुकी मुकी म्हणता ना, त्या मुकेपणानं एकदा माझ्या वडलांची, अप्पांची काय गत केली ते ऐका.

हुमनाबादहून आम्ही दोघं मोटारसायकलवर गावाकडं निघालो होतो. मागं बियाण्याची पिशवी बांधलेली. घाटातल्या उभ्या चढाला गाडी धापा टाकायला लागली. अप्पा मला लाडानं अक्का म्हणतात. ते म्हणाले, "अक्का, उतर जरा. गाडी चढंना. चालत ये, मी वर थांबतो."

मी उतरले. गाडी हलकी झाली आणि वळणाआड गेली. चढ संपवून मी वर पोचले, तर तिथं गाडी नाही नि अप्पाही नाहीत! बोलायच्या नादात मला उतरवल्याचंच ते विसरले होते. गाडीवर नेहमी तेच बोलतात, मी मागं गप्प असते. मग त्यांना कळणार कसं?

मी रडकुंडीला आले, तेवढ्यात गाडी परत आली. अप्पांचं तोंड पार उतरलेलं.

"कुठं पडलीस की काय वाटलं गं माय!"

"पडंन कशाला? तुम्हीच उतरवलंत की!"

अप्पांनी कपाळावर हात मारला.

"मग मी न्हाई हे कळलं कसं?"

"एक गोष्ट इचारली तुला. बाकीचं सोड, पण तिचा जबाब पायजे हुता. म्हणून वळून बघितलं."

"काय इचारलं?"

अप्पा माझ्याकडं न बघता किक मारायला लागले.

"तू कलबुर्गीला हॉस्टेलात गेल्यावर मी घाटात कुणासंगं बोलू, म्हणून."