शेवटी इम्पोर्ट केलेला पत्ता

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट बघत माझ्या शेजारी एक बहीण-भाऊ बसले होते.

“दादा, आईचा वॉकर अजून आला नाही.”

“येणार पण नाही. आमच्याच कंपनीतून मागवला ना, तिथे ग्राहकाच्या स्कीमात, म्हणजे माहितीच्या साच्यात, एक ‘पत्ता’ आहे, गोदामाच्या स्कीमात दुसरा ‘पत्ता’. नेमस्पेस म्हणजे त्यांची आडनावं समज. कोड बनवणाऱ्या टूलमध्ये मी ती काढून टाकली.”

“कशाला?”

“लांबलचक दिसत होती. मग टूलने दोन्ही पत्ते एकच धरले आणि शेवटी इम्पोर्ट केलेला, म्हणजे गोदामाचा, तेवढा ठेवला.”

“म्हणजे वॉकर?”

“गोदामातून निघाला आणि गोदामातच पोचला.”

“आणि तू चार दिवस कुरिअरवाल्याला झापत होतास.”

“आवाज चढवून. वर तक्रार करतो म्हणालो.”

“केलीस?”

“केली ना. आज सकाळी ती माझ्याच टेबलावर आली, ‘चूक कोणाची ते शोधा’ असा शेरा मारून.”