देवाकडं शब्द टाकणाऱ्या मार्थामावशी

फादर, सिस्टर, गल्लीतली सगळी थोर-लहान मंडळी, पाचोडहून आलेले मावशींचे भाचे-भाचेसुना, आणि पहिली पाळी संपवून वाळूजहून तसेच कंपनीच्या कपड्यांवर आलेले माझे दोस्त. जय ख्रिस्त. जय भीम. नमस्कार.

मला भाषण येत नाही. फादर म्हणाले, सायमन, तू शेजारी होतास, तू बोल. शेजारी होतो हे खरं. भिंतीला भिंत होती. पण त्या भिंतीपलीकडं काय चाललेलं असायचं, ते सांगायला माझ्याकडं शब्द पुरतील असं मला वाटत नाही. मावशी असत्या तर म्हणाल्या असत्या, "गळा काढू नको, आवाज काढ. मागच्यांना ऐकू जात नाय." तेव्हा आवाज काढतो. सांभाळून घ्या.

परवा आपण मार्थामावशींना माती दिली. त्या माझ्या सख्ख्या मावशी नव्हत्या. गल्लीतल्या कुणाच्याच नव्हत्या, आणि सगळ्यांच्या होत्या. मुलींच्या बोर्डिंगात भाकरी थापण्यात त्यांची उमर गेली. नवरा लवकर गेला, लेकरू झालं नाही. चिकलठाण्याच्या आमच्या वस्तीत दोन खोल्या, दारात तुळस नाही, पण जाईचा वेल. आणि गळ्यात माळ. ही माळ मिरवायची नव्हती, ओढून ओढून तिचे मणी गुळगुळीत झाले होते.

इथं निम्मे लोक आमच्या चर्चचे नाहीत, म्हणून सांगतो. आमच्यात संध्याकाळी एकेकाच्या घरी माळेची प्रार्थना होते. शेवटी संतांची नावं घेतात. एकानं नाव घ्यायचं, बाकीच्यांनी म्हणायचं, "आमच्यासाठी विनंती कर." ही विनंती देवाकडं. संत काही देत नाहीत. देणारा देव. संत फक्त आपल्या बाजूनं बोलतात.

मावशी सगळ्यांबरोबर "विनंती कर" म्हणायच्या. पण एकट्या असल्या की संत योसेफ त्यांचे दादा, संत अन्ना त्यांच्या बाई, आणि शब्दही वेगळा. "योसेफदादा, पोराच्या कामाचं बघा, देवाकडं शब्द टाका." "अन्नाबाई, पोरगी अवघडली हाय, तुमाला ठावं बाईमाणसाचं, शब्द टाका." भिंतीपलीकडून ऐकलं तर वाटावं, बाई कुणाशी तरी ओट्यावर बसून बोलतीय.

हा विष्णू बसलाय समोर. माझ्या लाइनवरचा. एकदा घरी आला होता, मावशींनी चहा दिला. यानं बेधडक विचारलं, "मावशी, तुमचा देव एकच ना? मग मधी एवढी माणसं कामून लागतात?"

मला वाटलं, आता बिघडलं. मावशी म्हणाल्या, "कंपनीत कसा लागला रं तू?"

"मामानं शब्द टाकला."

"मामा काय कंपनीचा मालक व्हता?"

"नाय. वेल्डर व्हता."

"मग त्याचं कामून ऐकलं?"

विष्णू म्हणाला, "त्याला वळखत होते ना. चांगला माणूस होता." आणि बोलता बोलता थांबला. मावशींनी त्याचा कप घेतला आणि परत भरून आणला. तरी हा गडी ऐकेना. म्हणाला, "म्हंजी वशिलाच की."

त्यावर मात्र मावशी चिडल्या. "वशिला न्हवं. वशिला लावला की दुसऱ्याचा नंबर जातो. शब्द टाकला की कुणाचं काय जात नाय. तू बी टाक, मी बी टाकते. देवाला ऐकाया काय हुतंय?"

व्हय का नाही, विष्णू? मान हलवतोय.

आमच्यात काही हरवलं की संत अंतोनींना सांगतात. मावशींना ते पटायचं नाही. कुणी चावीसाठी अंतोनींचं नाव घेतलं की म्हणायच्या, "चावी आपली आपण हुडकायची. बाबाला माणसं हुडकायला ठिवायचं." आणि खरंच, त्या माणसांसाठीच सांगायच्या. दारूत हरवलेला, घर सोडून गेलेला, भावाशी अबोला धरून बसलेला. जातीचा-धर्माचा हिशेब नाही. ज्यांची नावं त्यांनी घेतली त्यातल्या कित्येकांना आजवर पत्ता नसेल.

आणि एक खोड होती. फादर, तुम्ही हसताय, तुम्हाला आठवतंय. संतांची नावं संपली की मावशी गल्लीतल्या गेलेल्या माणसांची नावं जोडायच्या. पाणी भरताना सगळ्यांचे हंडे उचलून देणारी यशोदाआजी. "आमच्यासाठी विनंती कर." आयुष्यभर कुणाला वाकडा शब्द न बोललेला याकोब शिंपी. "आमच्यासाठी विनंती कर." फादरांनी समजावलं, मावशी, ख्रिस्तसभेनं ज्यांना संत म्हटलं त्यांचीच नावं यात घ्यायची. बाकीच्यांसाठी आपण प्रार्थना करायची, त्यांना गरज आहे. मावशींनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बरोबर हाय, फादर. आपण त्यांच्यासाठी बोलू. पर त्यांनीबी आपल्यासाठी बोलावं. इकडून तिकडं, तिकडून इकडं. जाणं-येणं ऱ्हाईल." फादर म्हणाले, घरात चालेल, चर्चमध्ये नाही. मावशींनी चर्चमध्ये कधीही एक नाव जास्तीचं घेतलं नाही. घरात मात्र एकही गाळलं नाही.

इथवर सांगणं सोपं होतं.

माझी लेक एस्तेर पहिलीत होती. ताप आला, तो डोक्यात गेला. दवाखान्यात तुमच्यातले बहुतेक सगळे येऊन गेलात. मावशी तर बाहेरच्या बाकड्यावरून हलल्याच नाहीत. त्यांनी सगळ्या संतांना कामाला लावलं होतं. योसेफदादा, अन्नाबाई, अंतोनीबाबा, कुणाला सोडलं नाही. आणि एस्तेर गेली.

मातीहून आल्यावर मी त्यांच्या दारात गेलो. माझ्या अंगात राग मावत नव्हता. म्हटलं, "मावशी, पडला ना तुमचा शब्द खाली?"

आता सांगा, अशा वेळी माणसं काय म्हणतात? देवाची इच्छा. चांगली माणसं देवाला लवकर लागतात. मला सगळ्यांनी हेच सांगितलं होतं. मावशी म्हणाल्या, "व्हय. पडला." एवढंच. मग म्हणाल्या, "कामून पडला मला नाय कळत. मी त्याला इचारते रोज. तू इचारू नको, तुला आता जेवायचं हाय." आणि ताट वाढलं. मी जेवलो. मला आजही नवल वाटतं. जिचा शब्द खाली पडला ती बाई त्याच देवाशी रोज बोलत होती, भांडत होती, आणि उठून दुसऱ्याच्या लेकरासाठी पुन्हा शब्द टाकत होती. मला ते जमलं नाही. मी मागणंच सोडून दिलं.

पुढं नोव्हेंबर आला. आमच्यात तो महिना गेलेल्यांचा. माळेची पाळी आमच्या घरी आली. घर भरलं होतं. संतांची नावं झाली. यशोदाआजी झाली, याकोब शिंपी झाला. मग मावशी थांबल्या. मला वाटलं संपलं. आणि त्यांनी हळूच नाव घेतलं. "एस्तेर बाळा."

आणि अख्खी खोली म्हणाली, "आमच्यासाठी विनंती कर."

काय सांगू तुम्हाला. काठी टेकत आलेले म्हातारे, तिच्या शाळेच्या बाई, खाटेवर बसलेले आमचे वडील. ही सगळी मोठी माणसं हात जोडून माझ्या पोरीला म्हणत होती, आमच्यासाठी बोल. जिला स्वतःची वेणी घालता येत नव्हती तिला. तोवर माझ्यासाठी ती नसलेली पोरगी होती. त्या क्षणी ती कुठंतरी असलेली पोरगी झाली. देवाच्या इतक्या जवळ, की माणसांनी तिच्यापुढं हात जोडावेत. मी बाप आहे तिचा. मला तिच्याकडं मान वर करून बघावं लागलं.

पण रूथ, माझी बायको, उठून आत गेली. रूथ इथंच बसलीय. तिला विचारूनच सांगतोय. मावशी तिच्या मागं स्वयंपाकघरात गेल्या तर ती म्हणाली, "मावशी, ती लहान हाय. एवढ्या मोठ्या माणसांची कामं कामून टाकता तिच्यावर? कुणाची किडनी, कुणाची कोर्टकचेरी. झेपंल का तिला?"

याला काय उत्तर आहे? फादर, तुम्ही दिलं असतं, आणि ते बरोबरच असतं. की तिथं लहान-मोठं नसतं. मावशींनी ते दिलं नाही. त्यांनी आईचं म्हणणं मानलं. बाहेर येऊन सगळ्यांना बजावलं, "एस्तेरकडं मोठं मागणं न्यायचं नाय. लेकराला झेपंल असंच सांगायचं."

आणि गल्लीनं ते पाळलं, बघा. त्या दिवसापासून आजारपणं, नोकऱ्या, सोयरिकी सगळं मोठ्या संतांकडं. एस्तेरकडं काय? वाळवणं उचलेपर्यंत पाऊस थांबव. नातू जरा झोपू दे. खरातकाकू तर आमच्या धर्माच्या नाहीत, त्याही कुकरची शिट्टी होईना की म्हणायच्या, "एस्ते, बघ गं." मी भिंतीअलीकडून ऐकत असायचो, रूथही ऐकत असायची. माळेला बसायची नाही. एस्तेरचं नाव तिनं ओठावर आणलेलं नव्हतं.

मग एक दिवस मला उशीर झाला. मावशी दारातून म्हणाल्या, "एस्तेर, तुझ्या बापाला बस तेवढी गावू दे." आणि आतून रूथ बोलली, "बसचं नका सांगू तिला. बस लागते तिला."

लागते, म्हणाली. लागायची, असं नाही. मी चप्पल घालता घालता तसाच उभा राहिलो. मावशींनी लगेच मान डोलवली. "बरं झालं सांगितलं. बसचं योसेफदादाला सांगते." त्या दिवशी माझी बस गेली. जाऊ दे.

आता शेवटचं सांगतो.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं मावशींना भेटायला दवाखान्यात गेलो. फादर शेवटचं पवित्र तेल लावून, प्रसाद देऊन गेले होते. मला वाटलं, ही बाई तर हसत जाईल. सगळा संतांचा गोतावळा हिच्या ओळखीचा. मी तसं म्हणालोसुद्धा. मावशींनी माझ्याकडं बघितलंच नाही. रूथचा हात धरला आणि म्हणाल्या, "मला भ्याव वाटतंय गं."

मार्थामावशींना भीती. जिनं सगळ्या गल्लीसाठी शब्द टाकला तिला.

म्हणाल्या, "तिथं सगळी मोठी मोठी माणसं. मी बोलत असते त्यांच्याशी, पर पाहिलंय कुणाला? मला वळखीचं कुणीतरी पायजे." मग हात तसाच धरून म्हणाल्या, "रूथ, एक काम सांगू का? मोठं नाय. तिला दारात थांबायला सांगशील? नुसतं थांब म्हणावं. मी तिला वळखंन."

मी रूथकडं बघायचं टाळत होतो. मला माहीत होतं, हे तिच्याच्यानं होणार नाही. पण ती वाकली, मावशींच्या कपाळावरचे केस मागं सारले, आणि वर कुठंही न बघता, शाळेत निघालेल्या पोरीला सांगावं तशी म्हणाली, "एस्तेर. मार्थाआजी येतायत. दारात थांब. इकडं-तिकडं जाऊ नको."

आणि मग म्हणाली, "आमच्यासाठी विनंती कर."

माझ्याही तोंडून ते निघालं. किती दिवसांनी मी कुणाकडं तरी काहीतरी मागत होतो. मंडळी, मी मोठमोठ्या चर्चमध्ये गेलोय, मोठे सण बघितलेत. पण देव इतक्या जवळ आलेला मी कधी अनुभवला नाही. तो वॉर्ड होता, शेजारच्या खाटेवर कुणीतरी संत्री सोलत होतं, आणि मला तिथं चप्पल काढून उभं राहावंसं वाटलं. मावशींनी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. शांतपणे गेल्या, असं वॉर्डातल्या नर्स म्हणाल्या.

आता आपण उभं राहू. फादर नंतर मावशींच्या आत्म्यासाठी प्रार्थना सांगतील. ती करायचीच, त्यांनीही तेच सांगितलं असतं. पण त्याआधी थोडा वेळ शांत राहू. ज्यांना प्रार्थना येते त्यांनी करावी, ज्यांना येत नाही त्यांनी नुसतं मावशींचं नाव मनात घ्यावं.

आज इकडं येताना मी रूथला विचारलं होतं, तुझ्या वतीनं काय सांगू? ती म्हणाली, "सांगा, एस्तेर थांबली व्हती." मी म्हटलं, अगं, तुला कसं ठाऊक?

ती म्हणाली, "मी सांगितलं व्हतं तिला. माझं ऐकायची ती."

उभं राहू या.