मस्कतच्या नातीचा फोटो

न्हाई, तुमीच सांगा, फोटो म्हंजे काय नळाचं पानी हाय व्हय, थेंबाथेंबानं याला? आदी केस आलं, मग कपाळ, मग एक भिवई... आन् लाइन कट! सारं वाचनालय "आँऽऽ" करून वरडलं, आन् डोक्यावर पाटी, 'शांतता राखा'!

तुमास्नी सांगतो, आमच्या कोरेगावच्या वाचनालयाला कुना भल्या मानसानं लॅपटॉप दिला. फोनची वायर त्येला जोडली की इंटरनेट चालू, आन् फुकट, बरं का! ग्रंथपाल गोपाळकृष्ण, लय शिस्तीचा मानूस, त्येनं लॅपटॉपला खाकी कव्हर घातलं, वर शिक्का हानला आन् सांगितलं, "पुस्तकासारखाच घरी न्या, उद्या परत आणा. कोपरे दुमडू नका." आता लॅपटॉपचं कोपरं कोन दुमडतंय?

तर आमचं शेजारी आण्णा. त्येंची लेक दीक्षा मस्कतला, जावई कुणाल तिथंच नोकरीला. पयलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पर डागदरनं पोरीला इमानात बसू दिलं न्हाई, आन् हिकडं तिच्या आईचा, बायडाबाईंचा, पाय प्लास्टरात. लेक आली न्हाई, आई गेली न्हाई! बायडाबाईंचा दिसभर एकच धोसरा, "आवं, नातीचं त्वांड कवा बघू मी?"

म्हनून कुणालनं इंटरनेटवरनं फोटो धाडला, आन् आण्णा सकाळधरनं वाचनालयात बसून. लाइन कट झाली की परत लावा, परत केसापासनं सुरू! नाकापतूर आलं तवा पेपर वाचनाऱ्या म्हाताऱ्यांत भांडनं, "नाक आण्णाचं!" "छ्या, बायडाबाईंचं हाय त्ये!" आन् मग एकदम हनुवटी आली... पोरगी झोपंत हसत व्हती वो! आण्णांनी टावेलानं डोळं पुसलं, आन् कुनी शिंकलं तरी डोळं वटारनारा गोपाळकृष्ण टाळ्या वाजवाय लागला!

त्येनं फोटो आत साठवला, लॅपटॉप आण्णांच्या हातात दिला, आन् आमी सारी मागनं चाललो, जनू बारशालाच. ह्येबी फुकट, बरं का!

बायडाबाईंनी बघितलं. काचंवरनं बोट फिरवलं, रडल्या, हसल्या, आन् डबीतलं काजळ काढून नातीच्या गालाला... म्हंजे काचंला... ठळक तीट!

आण्णा म्हनलं, "अगं, दिष्ट-बिष्ट आपन सोडलंय न्हवं ह्ये समदं?"

"सोडलंय, ठावं हाय मला. पर लेकरू परमुलखात हाय!"

आण्णांनी डबीचं झाकन लावलं.

दुसऱ्या दिशी लॅपटॉप परत केला. गोपाळकृष्ण फडकं घिऊन फुडं आला, ठिपका बघितला, कुनाचा त्ये आयकलं, आन् फडकं खिशात घातलं. "राहू द्या हो. आजीनं लावलीये." त्या मानसाचं आन् त्या वाचनालयाचं उपकार ह्या जल्मात फिटायचं न्हाईत, खरं सांगतो. आन् समदं फुकट, बरं का!

पर म्होरलं ऐका. परवा माझ्या पुतन्याला सांगलीचं स्थळ आलं, मुलीचा फोटो त्याच लॅपटॉपवर बघितला, आन् पोरगं जाग्यावर खुळं झालं! "काका, गालावरचा तीळ काय शोभतोय वो! हीच करनार!" सुपारी फुटली, पत्रिका छापल्या... आता कुठल्या तोंडानं सांगू त्येला? आहेरात नवरीला काजळाची डबी द्यायची आन् गप बसायचं, दुसरं काय!